आधी बांधा, मग सोडा: जुन्या सीडी ड्राईव्हमधला लेझर



आपल्या घरांत माळ्यावर, पलंगाखाली नाहीतर मिर्पेसेतल्या कपाटात एखादा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलेला असतोच. मुंबईत भंगारवाला यायचा, इथे "आल्ते झाखेन" असं ओरडत गाडी येते. माल तोच, भाषा वेगळी. दर खेपेला आपण म्हणतो, यंदा देऊन टाकू. पण देऊन टाकण्याआधी त्यातली एक वस्तू बाहेर काढून बघण्यासारखी आहे. ती म्हणजे सीडी किंवा डीव्हीडी ड्राईव्हमधला लेझर. आता नव्या कॉम्प्युटरांत हे ड्राईव्ह सहसा बसवतही नाहीत, त्यामुळे आपल्या नातवंडांनी "तक्लितोर" हा शब्द ऐकला असेल, पण ती फिरणारी चकती वाचणारं यंत्र आतून पाहिलेलं नसेल.

हे काम आजोबांनी आणि नातवाने, किंवा आजीने आणि नातीने, एकत्र बसून करायचं आहे. आपल्यापैकी कितीतरी जण मुंबईच्या ओआरटीत हातात सोल्डरिंग आयर्न धरायला शिकले, लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून रेडिओ जोडले. तो हात अजून विसरलेला नाही. नातवंडांचे डोळे तीक्ष्ण असतात, बारीक अक्षरं ती वाचतील. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. या कामात दोन नाजूक वस्तू सांभाळायच्या आहेत: एक तो लेझर, आणि दुसरी म्हणजे पोरांचे डोळे. दोघांनाही इजा करणारी गोष्ट दिसत नाही. लेझरला मारणारी वीज दिसत नाही आणि डोळ्याला मारणारा प्रकाशही पुष्कळदा दिसत नाही. म्हणून घाई अजिबात नको.

चकती कशी वाचली जाते

सीडीवर गाणं लिहिलेलं असतं ते बारीक खळग्यांच्या रूपात. हे खळगे एका लांबच लांब, जिलबीसारख्या गोल गोल फिरणाऱ्या ओळीत असतात. दोन ओळींमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा चाळीसेक ओळी बसतात. चकतीखाली एक छोटी गाडी दोन दांड्यांवरून सरकते. तिच्यावर मुगाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, निळसर झाक असलेलं भिंग असतं. या गाडीला पिकअप म्हणतात. भिंगाखाली, गाडीच्या पोटात लेझर बसलेला असतो. त्याचा प्रकाश खळग्यावर पडला की परत येताना मंद होतो, सपाट जागी पडला की लख्ख परत येतो. या मंद-लख्खमधूनच गाणं तयार होतं.

सीडी १९८२ साली जपानात प्रथम विकायला आली. तिचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. १९९६ साली डीव्हीडी आली, तिच्या ओळी ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर. बारीक अक्षर वाचायला चष्मा चांगला लागतो, तसं इथे लहान लांबीची प्रकाशलहर लागते. म्हणून डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर आला. २००६ साली ब्लू-रे आली, तिला ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर. डीव्हीडी ड्राईव्ह सीडीही वाचतो, तेव्हा त्याच्या पोटात दोन लेझर असतात: एक तांबडा, एक न दिसणारा. कधी दोन वेगळ्या डब्यांत, कधी एकाच डबीत.

मिठाच्या कणात दोन आरसे

जगातला पहिला लेझर १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन या ज्यू शास्त्रज्ञाने माणकाची कांडी वापरून पेटवला. १९६२ साली अमेरिकेतच रॉबर्ट हॉल यांनी खड्याऐवजी अर्धवाहकाच्या तुकड्यातून लेझर काढून दाखवला, पण त्याला भयंकर थंडीत ठेवावं लागे. साध्या खोलीच्या तपमानात सलग चालणारा लेझर डायोड १९७० साली जमला, लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फ्योरोव्ह यांच्याकडे आणि थोड्याच दिवसांत अमेरिकेत बेल लॅबोरेटरीमध्ये. अल्फ्योरोव्ह यांना अशाच अर्धवाहकांवरील कामाबद्दल २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांची आई ज्यू होती आणि त्यांचा जन्म वितेब्स्कचा. ज्या शगालच्या बारा रंगीत काचा यरुशलेमच्या हदासा इस्पितळाच्या सिनेगॉगमध्ये आपण मान वर करून पाहतो, त्या चित्रकाराचं वितेब्स्क हेच. एका गावाने काचेतून येणारा प्रकाशही दिला आणि खड्यातून येणाराही!

मुलांनो, लेझर डायोडची धातूची डबी साधारण मसुराच्या दाण्याएवढी दिसते. पण खरा लेझर त्या डबीच्या आत असतो आणि तो मिठाच्या कणाएवढा असतो. त्याची दोन टोकं आरशासारखी गुळगुळीत असतात. प्रकाश या दोन आरशांमध्ये येरझाऱ्या घालतो, दर फेरीला वाढतो आणि थोडा थोडा एका आरशातून बाहेर निसटतो. ज्या जागेतून तो निसटतो ती जागा सुमारे १ मायक्रोमीटर उंच आणि ३ मायक्रोमीटर रुंद, बस्स.

आता हिशोब करा. वाचणाऱ्या ड्राईव्हचा लेझर सुमारे ५ मिलिवॉट प्रकाश देतो. ऐकायला काहीच नाही. पण तो एवढ्याशा दारातून बाहेर येतो की त्या दारावर प्रकाशाची दाटी भर दुपारच्या उन्हापेक्षा दहा लाख पटींहून जास्त होते. आरसा हे कसंबसं सोसत असतो. वीज क्षणभर जरी जास्त झाली, तरी प्रकाश वाढतो आणि आरसा आपल्याच प्रकाशाने जळतो. यासाठी सेकंदाचा अब्जावा भागसुद्धा पुरतो. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. डबी बाहेरून जशीच्या तशी. वीज दिली तर मंद दिव्यासारखा उजेडही पडतो. पण लेझर मेलेला असतो.

न दिसणारा वैरी

ही जास्तीची वीज येते कुठून? बहुतेक वेळा आपल्याच अंगातून. हिवाळ्यात नायलॉनचं स्वेटर काढताना तडतड आवाज होतो, मोटारीच्या दाराला हात लावताना चटका बसतो. ही साठलेली वीज. आपल्याला चटका जाणवतो तेव्हा ती सुमारे ३००० व्होल्टच्या वर गेलेली असते. लेझर डायोड त्याच्या कितीतरी खालच्या, आपल्याला मुळीच न जाणवणाऱ्या ठिणगीनेही मरतो. म्हणजे तुम्ही म्हणाल, "मला तर काहीच लागलं नाही," आणि लेझर गेलेला असेल.

हवा कोरडी असली की ही वीज जास्त साठते. रेवदंड्याला, अलिबागला पावसाळ्यात ही तडतड कधी ऐकू येत नसे, कारण हवाच ओली. इथे गोष्ट वेगळी. हमसीन वाहत असताना, किंवा दिमोना-बेर शेवाच्या कोरड्या दिवशी हे काम काढूच नका. समुद्राकडची दमट हवा असेल तो दिवस निवडा. शब्बाथ संपल्यावर, हवदाला झाल्यावर, घरातली सगळी निवांत बसलेली असतात ती वेळही चांगली.

कुठला ड्राईव्ह घ्यावा

फक्त वाचणारा, कॉम्प्युटरमधून काढलेला सीडी किंवा डीव्हीडी ड्राईव्ह घ्या. त्याच्यावर "रॉम" असं लिहिलेलं असतं. ज्याच्यावर "आर", "आरडब्ल्यू" किंवा "रायटर" असं काही आहे, तो चकतीवर लिहिणारा ड्राईव्ह. त्याचा लेझर चकती भाजून लिहितो, त्याची ताकद १०० मिलिवॉटच्या वर जाऊ शकते. तो डोळा कायमचा घालवू शकतो. नातवंडांबरोबरच्या कामासाठी तो नको म्हणजे नको. ब्लू-रेचा नको.

टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेयर किंवा जुना म्युझिक सिस्टीमही उघडू नका. त्यांच्यात घरच्या २३० व्होल्टवर चालणारा भाग असतो आणि प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहू शकते. कॉम्प्युटरच्या ड्राईव्हला फक्त ५ आणि १२ व्होल्ट मिळतात, बाहेर काढला की संपलं.

तयारी

लाकडी टेबल घ्या, वर सुती चादर किंवा कोरा कागद पसरा. प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ काढून ठेवा. अंगात सुती कपडे घाला. स्वेटर नको, लोकरी गालिच्यावर पाय घासणं नको. मनगटाला बांधून अर्थिंगला जोडायचा पट्टा मिळतो, महाग नसतो, तो घेतला तर उत्तम. त्यात मुद्दाम मोठा रेझिस्टर बसवलेला असतो. पट्ट्याऐवजी साधी तार मनगटाला बांधून प्लगच्या भोकात खुपसणं हा शहाणपणा कोणी करू नये! पट्टा नसेल तर दर थोड्या वेळाने ड्राईव्हच्या पत्र्याच्या डब्याला हात लावत राहा, म्हणजे तुम्ही आणि डबा एकाच पातळीवर राहाल.

हत्यारं थोडीच लागतात: फुलीचा लहान स्क्रू ड्रायव्हर, कागदाला लावायची टाचणी सरळ करून, बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न, कथील, छोटी कात्री, चिमटा, बहिर्गोल भिंग आणि एक तांब्याचा बारीक तंतू. साध्या वायरीत जे पुष्कळ केसासारखे तंतू असतात, त्यातला एक काढून ठेवा. घोडा दाबून तापणारी जुनी सोल्डरिंग गन वापरू नका. तिच्या टोकाशी उलटसुलट विजेचे झटके येतात.

काढायची रीत

१. कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून काढा. ड्राईव्हच्या मागच्या वायरी काढा आणि ड्राईव्ह बाहेर घ्या.

२. ड्राईव्हच्या तोंडावर एक बारीक भोक असतं. त्यात सरळ केलेली टाचणी हळूच दाबा, ट्रे थोडा बाहेर येईल. तो हाताने ओढा, त्याची प्लॅस्टिकची पट्टी काढा. मग उलटा करून खालचे चार स्क्रू काढा. स्क्रू एका वाटीत ठेवण्याचं काम धाकट्यांकडे द्या.

३. पत्रा निघाला की दोन दांड्यांवरची गाडी दिसेल. तिच्यापासून मुख्य पाटीपर्यंत एक चपटी रिबन गेलेली असते. थांबा! पहिला हात तिलाच लावावासा वाटतो आणि पुष्कळ लेझर नेमके इथेच मरतात. रिबन जोडलेली आहे तोवर पाटीवरचे भाग लेझरला थोडाफार आधार देतात. ती सुटली की लेझरचे पाय उघडे पडतात आणि रिबनचं टोक एखाद्या एरियलसारखं बाहेरची वीज गोळा करायला मोकळं होतं.

४. म्हणून आधी बांधा, मग सोडा. पिकअपच्या पोटाला चिकटलेल्या पातळ तपकिरी पट्टीवर भिंगाने बघा. पुष्कळ पिकअपवर तिथे एकमेकांना अगदी खेटून असलेले दोन चकचकीत ठिपके सापडतात, दोन अर्धचंद्रांसारखे. हे कारखान्यानेच ठेवलेले असतात. नवा पिकअप विकताना ते दोन ठिपके सोल्डरने जोडून पाठवतात, म्हणजे लेझरचे पाय आपसात जोडलेले राहतात आणि वाटेत त्याला काही होत नाही. दुरुस्तीवाला पिकअप बसवून, रिबन जोडून झाल्यावर तो डाग काढतो. आपण बरोबर उलट करायचं: रिबन सोडण्याआधी त्या ठिपक्यांवर डाग द्यायचा. आयर्न तापला की त्याचा प्लग भिंतीतून काढा आणि मगच टोक टेकवा. दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. नाही झालं तर थांबा, गार होऊ द्या, मग पुन्हा.

५. ठिपके नाहीतच सापडले, तर पिकअपच्या बाजूला लेझरच्या डबीची पाठ शोधा. तिथे तीन पाय पट्टीत डाग देऊन बसवलेले दिसतील. बाजूला ठेवलेला तांब्याचा तंतू तिन्ही पायांना एकदम गुंडाळा, राखी बांधतात तसा. पाय जास्त असतील तर सगळ्यांना एकत्र गुंडाळा.

६. आता रिबन सोडा. गाडी दांड्यांवरून सोडवून बाहेर घ्या. पट्टी कापायची असेल तर लेझरच्या बाजूला दोन बोटं शेपूट ठेवून कापा.

७. लेझरची डबी पकडीने ओढून काढू नका. ती डिंकाने बसवलेली असते, ओढली तर पायाभोवतीची काच तडकते. डबी बहुतेक एका छोट्या धातूच्या तुकड्यात असते. तो तुकडाच पातळ पात्याने डिंक खरवडून वेगळा करा. तो तुकडा लेझरची उष्णता बाहेर काढतो, तेव्हा राहू द्या त्याच्याबरोबर. काही पातळ पिकअपमध्ये डबीला झाकणच नसतं, आतला कण आणि त्याच्या केसाहून बारीक तारा उघड्या असतात. तिथे बोट, कापूस, फुंकर, काहीही नको. आणि कधी लेझर आणि प्रकाश टिपणारे भाग एकाच खूप पायांच्या पाटीत असतात, तो प्रकार वेगळा करायला जाऊ नये, आख्खाच ठेवावा.

भिंगाच्या दोन बाजूंना दोन छोटे पण जबरदस्त लोहचुंबक असतात. मुलांना ते फार आवडतील. पण दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याला मध्ये पकडून भोक पाडू शकतात. घरात रांगतं मूल असेल तर ते लगेच मोजून डबीत बंद करा.

दिवा लावून बघू या

लेझर काढला, बांधलेला आहे. आता पोरं विचारणार, "सबा, पेटतो का?" पेटवू, पण लेझर म्हणून नाही, साध्या दिव्यासारखा.

हा डायोड बॅटरीला थेट जोडला तर एका क्षणात मरतो. त्याला व्होल्ट मोजून नाही, करंट मोजून द्यावा लागतो. वाचणाऱ्या ड्राईव्हमधल्या लेझरांना लेझर म्हणून चालायला साधारण ३० ते ६० मिलिॲम्पियर लागतात. त्याच्या बऱ्याच खाली ठेवलं तर तो नुसता मंद दिवा राहतो. दोन साधे सेल, म्हणजे ३ व्होल्ट, आणि १५० ओहमचा रेझिस्टर घ्या. तांबडा डायोड स्वतःवर सुमारे २ व्होल्ट घेतो, राहिला १ व्होल्ट. १ भागिले १५०, म्हणजे सुमारे ७ मिलिॲम्पियर. मुलांनो, हा भागाकार तुम्हीच करून दाखवा.

पाय ओळखण्यासाठी पट्टीवर बघा. "एलडी" म्हणजे लेझर डायोड, "पीडी" किंवा "एमडी" म्हणजे प्रकाश मोजणारा शेजारी. डबीच्या पाठीकडून पाहिलं तर एक पाय थेट धातूत बसलेला असतो, बाकीचे काचेच्या गोल मण्यांतून बाहेर येतात. धातूतला तो सगळ्यांचा सामाईक पाय. अधिक कुठे आणि उणे कुठे हे मात्र सगळ्या जातींत सारखं नसतं. उलट दिशेने हा डायोड साधारण २ व्होल्टच सोसतो, म्हणून "लावून बघू, नाहीतर फिरवू" हे चालायचं नाही. अक्षरं सापडली नाहीत आणि जाणता माणूस जवळ नसेल, तर इथेच थांबा. बांधलेला लेझर भिंगाखाली बघणं हाही मोठा आनंद आहे.

जोडणीचा क्रम असा. पाय बांधलेलेच असू द्या. वायरी आणि रेझिस्टर आधी जोडून घ्या, सेलच्या डबीत सेल घालू नका. मग तंतू किंवा डाग काढा. सेल सगळ्यांत शेवटी. काढताना उलट: सेल सगळ्यांत आधी बाहेर, मग पाय पुन्हा बांधा.

डबीचं तोंड पांढऱ्या कागदाकडे बोटभर अंतरावर धरा. खोलीत अंधार करा. तांबड्याचा मंद, पसरट ठिपका दिसेल. सीडीचा असेल तर डोळ्याला काही दिसणार नाही, पण मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पुष्कळदा फिकट जांभळट ठिपका दिसतो. डोळ्याला न दिसणारी गोष्ट यंत्राला दिसते, हे मुलांना दाखवण्यासारखं आहे.

आणि खरं सांगायचं तर हा दिवा लागला म्हणून लेझर जिवंत आहे असं सिद्ध होत नाही. आरसा जळलेला डायोडही असाच मंद लागतो. ते कळण्यासाठी पूर्ण करंट द्यावा लागतो.

इथून पुढे मुलांनी यायचं नाही

मुलांनो, आता लक्ष द्या. मराठीत धोका, इथे सकाना. आपल्या डोळ्यात पुढे एक भिंग आहे आणि मागे पडदा. लेझरचा प्रकाश समांतर होऊन डोळ्यात शिरला, की हे भिंग तो सगळा एका टाचणीच्या टोकाहून लहान जागी गोळा करतं. पडद्याला वेदना कळत नाही. दुखत नाही, आग होत नाही, पण तेवढी जागा मरते आणि परत येत नाही.

लख्ख तांबडा प्रकाश डोळ्यात गेला तर निदान पापणी पाव सेकंदात मिटते. सीडीच्या लेझरला तीही मदत नाही. ७८० नॅनोमीटर डोळ्याला अगदी मंद, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसतो. माणूस म्हणतो, "अरे, किती मंद आहे," आणि टक लावून बघतो. प्रत्यक्षात तो प्रखर असतो. दिसतो त्यावरून त्याची ताकद ठरवता येत नाही. चकती बंद खोक्यात फिरते तोवर हा लेझर कोणाला इजा करत नाही. खोकं उघडून आपण त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याची राखणही आपल्याकडेच आली.

ज्यांनी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम केलं आहे आणि पूर्ण करंट देऊन बघायचंच आहे, त्यांनी ते एकट्याने, मुलं घरात नसताना करावं. त्या लहरीसाठीच बनवलेला चष्मा हवा. काळा गॉगल किंवा वेल्डिंगची काच चालत नाही. करंट बांधून ठेवणारं सर्किट हवं. एलएम ३१७ या तीन पायांच्या आयसीने ते होतं: १.२५ भागिले रेझिस्टर म्हणजे करंट, २५ ओहमला ५० मिलिॲम्पियर. पण आधी त्याला लेझर न जोडता तीन साधे १एन४००१ डायोड एकापुढे एक जोडून करंट मोजून घ्यावा. चालू सर्किटला लेझर कधी जोडू नये, सुटी झालेली वायर चालू असताना पुन्हा टेकवू नये. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज एकदम लेझरमध्ये उतरते आणि संपतं.

मग याचा उपयोग काय?

सगळ्यांत मोठा उपयोग दुरुस्तीचा. घरी कीर्तनांच्या, लग्नातल्या गाण्यांच्या, जुन्या मराठी नाटकांच्या सीडी आहेत आणि कॉम्प्युटरचा ड्राईव्ह त्या वाचेनासा झाला आहे. अशा वेळी लेझर मेला असं धरून चालू नका. आधी भिंगावरची धूळ बघा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून भिंग अलगद पुसा, दाबू नका, ते चार केसांएवढ्या तारांवर तोललेलं असतं. पुष्कळ ड्राईव्ह एवढ्यानेच पुन्हा वाचू लागतात.

तेवढ्याने नाही झालं, तर त्याच जातीच्या दुसऱ्या ड्राईव्हमधला आख्खा पिकअप काढून बसवता येतो. एका पिकअपमधला नुसता लेझर काढून दुसऱ्यात बसवणं घरी जमत नाही, कारण तो भिंगासमोर मायक्रोमीटरच्या हिशोबाने बसवलेला असतो. पण आख्खा पिकअप हलवतानाही नियम तोच: आधी बांधा, मग सोडा. नव्या जागी रिबन जोडल्यावर डाग काढा. आणि पिकअपवर एक बारीक फिरवायचा स्क्रू दिसतो, त्याला हात लावू नका. तो लेझरचा करंट ठरवतो. तो वाढवला तर दोन दिवस चकती छान वाजते आणि नंतर कायमची बंद पडते.

काढलेला लेझर ठेवायचा तर पाय बांधून, ॲल्युमिनियमच्या फॉईलमध्ये गुंडाळून, वर चिठ्ठी लावून ठेवा. थर्मोकोलमध्ये किंवा साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. डबी फोडून आतला कण बघायचा मोह टाळा, त्यात आर्सेनिकचं संयुग असतं. उरलेला पत्रा, पाट्या, मोटर घरच्या कचऱ्यात टाकू नका. इलेक्ट्रॉनिक कचरा वेगळा गोळा करण्याचा कायदा इस्राएलने २०१२ साली केला आहे, त्यासाठी ठेवलेल्या पेटीत द्या.

बालमित्रांनो, ओळखा पाहू!

१. सीडीचा लेझर तांबड्या लेझरपेक्षा डोळ्याला जास्त फसवा का?

२. रेवदंड्याला पावसात हे काम करणं हमसीनमध्ये करण्यापेक्षा सोपं का?

३. दोन सेल आणि ३०० ओहमचा रेझिस्टर घेतला, तर तांबड्या डायोडमधून सुमारे किती मिलिॲम्पियर जातील?

उत्तरं आजी-आजोबांना मराठीत सांगायची. अडलं तर अर्धी हिब्रूत चालतील, पण सुरुवात मराठीत हवी. सगळ्यांनी डोळे सांभाळा. पुढच्या अंकात भेटू या. शालोम!